खेळघर : कच्च्या लिंबाने कुठल्या आखाड्यात उतरावं?

दोस्तांनो, या आठवड्याचं पत्र सातवीतल्या एका मैत्रिणीचं आहे. ती लिहिते, ‘मी दादाबरोबर टेकन खेळते. दहापैकी दहा वेळा हरते. तो म्हणतो, तू कच्चं लिंबूच राहणार. वाढदिवसाचे पैसे साठवलेत. मला जमेल असा मारामारीचा खेळ कोणता घेऊ?’

साठवलेल्या पैशांचा प्रश्न आहे, म्हणजे मामला गंभीर! तेव्हा नीट बघू या.

फायटिंग गेम म्हणजे दोघांची कुस्तीच. समोरासमोर दोन गडी, वर दोघांच्या ताकदीची पट्टी, ज्याची पट्टी आधी रिकामी तो चीत. मग अवघड काय? तर बोटं! १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर टू’ आला. त्यातला रियू हातातून निळा गोळा फेकतो. तो फेकायला खाली, तिरपं, पुढे असं पटकन फिरवायचं आणि लगेच ठोशाचं बटण दाबायचं. नवख्याचा गोळा काही निघत नाही. तो नुसताच वाकतो आणि मार खातो! बोटांच्या या कसरतीत खरा खेळ दिसतच नाही.

खरा खेळ कुठला, तो तुम्हाला आधीच येतो. दगड-कागद-कात्री! अडवलं की ठोसा वाया जातो. नुसतं अडवत बसणाऱ्याला धरून आपटता येतं. आणि धरायला येणाऱ्याला आधीच ठोसा बसतो. झालं! पैलवान सुरुवातीला खडाखडी करत एकमेकांचा अंदाज घेतात ना, तसंच इथेही. समोरचा आता काय करील, हे ओळखायचं.

म्हणून माझी कसोटी अशी : हरल्यावर ‘का हरलो’ ते कळलं पाहिजे. ते कळतं तो खेळ सोपा, मग बटणं कितीही असोत. टेकनमध्ये चारच बटणं आहेत, दोन हातांची दोन, दोन पायांची दोन. पण एकेका गड्याच्या चालींची यादी शंभराच्या घरात जाते! ‘टेकन ३’मधला एडी आठवतो का, विचारा घरातल्या मोठ्यांना. लाथांची बटणं कशीही बडवा, तो गोल गोल फिरून समोरच्याला लोळवायचा. मजा यायची खरी, पण अडवायला शिकलेला गडी भेटला की सगळं मुसळ केरात.

आता दुकानात जाऊ. घरी संगणक असेल तर माझं पहिलं मत ‘फँटसी स्ट्राइक’ला. २०१९ साली हा खेळ मुद्दाम नवख्यांसाठीच काढला आणि २०२० साली मूळ खेळ फुकटही केला. इथे खाली वाकणंच नाही, प्रत्येक खास डाव एका बटणावर. आणि एक गंमत ऐका. समोरचा तुम्हाला धरायला आला आणि त्या क्षणी तुम्ही काहीच दाबलेलं नसलं, तर डाव उलटतो, आपटी त्यालाच बसते! बटणं बडवणाऱ्या दादासाठी याहून चांगलं औषध नाही.

दादाला मोठ्या नावाचाच खेळ हवा असेल तर २०२३चा ‘स्ट्रीट फायटर ६’. त्यात ‘मॉडर्न’ नावाची पद्धत आहे. गोळा एका बटणावर निघतो. त्या बदल्यात असा सोप्या वाटेने काढलेला डाव २० टक्के कमी लागतो. हा सौदा मला रास्त वाटतो. एकाच लढतीत दादा जुन्या पद्धतीने आणि तुम्ही नव्या पद्धतीने खेळू शकता. शिवाय समोरचा किती लांब आहे, वार वरून आला की खालून, हे आवाजावरून कळण्याची सोय त्यात आहे. डोळ्यांनी न दिसणारे खेळाडूही या खेळाच्या स्पर्धांत उतरले आहेत.

घरात चार मुलं असतील आणि निन्टेन्डोचं यंत्र असेल, तर ‘स्मॅश ब्रदर्स’. इथे पट्टी रिकामी करायची नसते, समोरच्याला मंचावरून बाहेर उडवायचं असतं. तो करणारे मासाहिरो साकुराई एकदा पार्लरमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स ९५’ खेळत होते. समोरच्याला सडकून हरवलं आणि मग पाहतात तो पलीकडे नवखं जोडपं, हिरमुसलेलं! त्यांना ते लागलं. नवख्याला पळवून न लावणारा खेळ हवा, हा विचार त्यांच्या मनात तिथून पक्का झाला.

‘डाइव्हकिक’ही पाहा. बटणं दोनच, उडी आणि लाथ. एक लाथ बसली की फेरी संपली!

आईबाबांनो, आता तुमच्याशी. १९९२च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधल्या रक्तपातावरून अमेरिकेच्या सिनेटमध्ये चर्चा झाली आणि १९९४ साली खेळांवर वयाचे शिक्के आले. वेष्टनावर ते बघा. ‘एम’ म्हणजे १७च्या पुढे, ‘टी’ म्हणजे १३च्या पुढे. मॉर्टल कॉम्बॅट ‘एम’चा. टेकन ८ आणि स्ट्रीट फायटर ६ ‘टी’चे, म्हणजे सातवीतल्या मुलीसाठी तुम्ही आधी पाहून ठरवावेत असे. आणि ‘ही पोरखेळाची गोष्ट’ असं म्हणू नका बरं का! २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धांत ‘स्ट्रीट फायटर ५’चं सुवर्णपदक कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकलं, वयाच्या ४४व्या वर्षी.

आता आमच्या मैत्रिणीला पहिल्या आठवड्याचं काम. एकच गडी निवड, तो बदलू नकोस. पहिले दोन दिवस फक्त मागे दाबून अडवायला शीक. मग दादाची कुठली चाल सारखी लागते ते वहीत लिही. सरावाच्या खोलीत तीच चाल त्या पुतळ्याकडून करून घेता येते, तिथे उत्तर शोध.

आणि पैसे लगेच खर्चू नकोस. स्ट्रीट फायटर ६चा फुकट डेमो आहे, आधी तो खेळून बघ. उरलेल्या पैशांतून दुसरा कंट्रोलर घे, कारण एका कीबोर्डवर दोघं बसले की खेळाआधी कोपरांचीच मारामारी सुरू होते.