बिघाड काही रुपयांचा, भंगारात अख्खा मॉनिटर

घरातला किंवा कचेरीतला संगणकाचा मॉनिटर एके दिवशी उजळतच नाही. दुकानात विचारले तर ‘दुरुस्तीपेक्षा नवा घ्या’ असा सल्ला मिळतो. मग तो आधी माळ्यावर आणि तिथून भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो. या प्रवासात त्याचे नेमके बिघडले काय, हे सहसा कुणी विचारत नाही. चपट्या मॉनिटरमधला सर्वांत महाग आणि बनवायला सर्वांत अवघड भाग म्हणजे एलसीडी पॅनेल. बंद पडलेल्या अनेक मॉनिटरमध्ये ते शाबूत असते. दगा दिलेला असतो तो वीजपुरवठ्याच्या बोर्डावरच्या, चहाच्या किमतीत मिळणाऱ्या एखाद्या कपॅसिटरने.

हा कपॅसिटर म्हणजे ॲल्युमिनियमची छोटी डबी. तिच्यातला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो, आत वायू साठतो आणि डबीचे सपाट टोपण फुगते. तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. १०५ अंश सेल्सिअसला २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर ३२ हजार तास चालेल. तोच ७५ अंशांवर १६ हजार तास. रोज आठ तासांच्या वापराने हिशेब केला तर हा फरक सुमारे अकरा वर्षे आणि साडेपाच वर्षे इतका पडतो. थोडक्यात, मॉनिटर किती जगणार हे बऱ्याचदा काचेवर नव्हे, तर एका स्वस्त सुट्या भागावर आणि त्याला मिळणाऱ्या हवेवर ठरते.

हा प्रश्न केवळ ग्राहकाच्या खिशाचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यापैकी बराचसा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हातोडीने फुटतो. जुन्या एलसीडी मॉनिटरमध्ये पडद्यामागे उजेडासाठी बारीक काचनळ्या असतात आणि प्रत्येक नळीत काही मिलिग्रॅम पारा असतो. त्या फुटल्या की पाऱ्याची वाफ फोडणाऱ्याच्या श्वासात जाते. आपण न विचारलेल्या प्रश्नाची किंमत अशी दुसऱ्याच कुणाच्या तरी फुप्फुसांना आणि मेंदूला मोजावी लागते.

म्हणून मॉनिटर टाकण्यापूर्वी तपासणी व्हायलाच हवी, आणि तिची पहिली पायरी स्क्रू न काढताही पार पडते. वीजेची वायर आणि संगणकाची केबल बदलून पाहावी. बाहेरून अ‍ॅडॉप्टर लावायचा असेल तर तेवढ्याच व्होल्टचा, तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि पिनची धन-ऋण बाजू जुळणारा दुसरा लावून पाहावा. पडदा काळा असेल तर अंधारात तिरका टॉर्च मारावा. पुसटसे चित्र दिसले तर पॅनेल जिवंत आहे, फक्त मागचा उजेड गेला आहे. चित्र दोन सेकंद येऊन विझत असेल किंवा दिवा नुसताच लुकलुकत असेल, तर संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा. हे मॉनिटर दुरुस्त होण्याची आशा चांगली असते. काच तडकली असेल तर मात्र खर्च सहसा परवडत नाही.

खरा धोका मागचे झाकण उघडल्यावर सुरू होतो. आपल्याकडचा २३० व्होल्टचा पुरवठा मॉनिटरच्या आत सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश दाबात बदलतो आणि तो मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो. प्लग काढला म्हणजे तो संपला असे नाही. योग्य रेझिस्टरमधून तो उतरवावा आणि शून्यावर आल्याची मल्टिमीटरने खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून तो ‘रिकामा’ करण्याचा प्रकार घातक आहे. मल्टिमीटर कसा धरायचा हे माहीत नसणाऱ्याने झाकणाला हात लावू नये. जाणकाराकडे जाण्यात कमीपणा नाही. नवा कपॅसिटर तेवढ्याच क्षमतेचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा हवा आणि धन-ऋण बाजू बरोबर लागायला हवी. सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवावी. राळेच्या धुराने दमा होऊ शकतो, आणि शिसे असलेल्या तारेला हात लागल्यावर ते न धुता खाऊ नये. नळी फुटलीच तर मुलांना बाहेर काढावे, खोलीत हवा खेळू द्यावी, केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर न वापरता जाड कागदाने आणि चिकटपट्टीने तुकडे उचलून बंद बरणीत ठेवावेत. जुना, फुगीर पाठीचा टीव्ही किंवा मॉनिटर तर घरी उघडूच नये.

एवढी जोखीम असेल तर दुरुस्ती सोडूनच द्यावी का? उलट, ती अधिक हातांना नीट शिकवावी. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उत्पादकांनी टाकाऊ वस्तूंची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व त्यात आहे आणि ते योग्यच आहे. नोंदणीकृत नूतनीकरण करणाऱ्यांनाही त्यात स्थान आहे. पण सगळा भर पुनर्प्रक्रियेच्या उद्दिष्टांवर आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मॉनिटरला आणखी पाच वर्षे देणारा कारागीर या हिशेबात फारसा दिसत नाही. वस्तू मरू नये यासाठीची धडपड मोजायची नाही आणि मेल्यावरच्या क्रियाकर्माची आकडेवारी ठेवायची, ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणावी अशी गत आहे. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले. पण सर्किटचा नकाशा आणि सुटा भाग हाती पडल्याशिवाय तो हक्क कागदावरच राहतो.

सुरुवात सरकारी कचेऱ्यांपासून करता येईल. तिथे दरवर्षी संगणक सामग्रीचे निर्लेखन होते. निर्लेखनापूर्वी प्रत्येक मॉनिटरची तपासणी सक्तीची करावी, दुरुस्तीचे काम प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली आयटीआयच्या विद्यार्थ्यांना द्यावे आणि चालू झालेले मॉनिटर जिल्हा परिषदांच्या शाळांना द्यावेत. न सुधारणारे तेवढे अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जावेत. त्यातून विद्यार्थ्यांना हुन्नर मिळेल, शाळांना पडदे मिळतील आणि हातोडीखाली फुटणाऱ्या नळ्या तेवढ्या कमी होतील.