शेरेबुकातलं 'समाधानकारक'

गेल्या आठवड्यात ऑफिसात अप्रेझल झालं. वर्षभराच्या कामाचा निकाल अर्ध्या तासात लागला: पाचापैकी साडेतीन. चार का नाही, असं विचारलं तर उत्तर आलं, "वरून आकडे ठरलेले असतात रे." असो. रविवारी कऱ्हाडला आत्याकडे गेलो होतो, तिच्यापुढे हे रडगाणं गायलो. आत्या एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली. ती हसलीच. म्हणाली, "तुला निदान आकडा तरी मिळतो. आमचं एका शब्दात आटपायचं. समाधानकारक!"

मंडळी, शाळा तपासणी म्हणजे काय हे तिच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे. साहेब यायचे. हजेरीपट, टाचणवही, पोषण आहाराची नोंदवही, सगळं बघायचे. पटावर किती, हजर किती, तांदूळ शिल्लक किती. मग चहा आणि शेरेबुकात एक ओळ. वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवाल. या सगळ्यात आत्या भागाकार कसा शिकवते, हे कुणी पाहिलंच नाही.

म्हणजे एकदाच पाहिलं. एक केंद्रप्रमुख आले, मागच्या बाकावर मुलांशेजारी बसले आणि पूर्ण तास बसून राहिले. नंतर म्हणाले, "बाई, तुम्ही प्रश्न छान विचारता, पण पोरांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही तुम्हीच देता. आणि खिडकीकडच्या मुलींना आज एकही प्रश्न गेला नाही." आत्याला राग आला. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न विचारला की ती मनात पाचपर्यंत आकडे मोजायला लागली. पंधरा दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा येऊन त्याच बाकावर बसले. "एकतीस वर्षांत मला शिकवायला कुणी शिकवलं असेल तर ते त्या दोन तासांनी," आत्या म्हणाली.

(गंमत म्हणजे मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलू लागतात.)

आमच्या धंद्यात या दोन गोष्टींना वेगळी नावं आहेत. एक अप्रेझल, दुसरं कोड रिव्ह्यू. अप्रेझलमधून मी आजवर काहीही शिकलेलो नाही. जे थोडंफार येतं ते कोड रिव्ह्यूतून. कुणीतरी माझ्या सत्तेचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवून 'इथे यादी रिकामी आली तर?' असं विचारलं, म्हणून. शिक्षकांना आपण नुसतं अप्रेझल देतो आणि वर्ग सुधारेल अशी आशा करतो.

आता तुम्ही म्हणाल, नीट मोजमाप केलं तर सुधारेल की. अमेरिकेत ते करून झालंय. गेट्स फाउंडेशनने २००९ पासून काही जिल्ह्यांत शिक्षक मूल्यमापनाचा मोठा कार्यक्रम राबवला. परीक्षेचे निकाल, वर्गनिरीक्षण, सगळं जोडून गुण, आणि त्या गुणांवर नेमणुका नि बढत्या. एकूण खर्च सुमारे साडेसत्तावन्न कोटी डॉलर. २०१८ साली रँड संस्थेचा अहवाल आला: मुलांच्या शिक्षणात अपेक्षित सुधारणा झाली नाही, आणि बहुतेक शिक्षकांना वरचेच गुण मिळाले होते. म्हणजे महागडं 'समाधानकारक'! तिकडे मायक्रोसॉफ्टने स्वतःची क्रमवारीची पद्धत २०१३ मध्येच मोडीत काढली होती.

उलट उदाहरण सिनसिनाटी शहराचं. तिथे अनुभवी शिक्षक दुसऱ्यांच्या वर्गात वर्षातून अनेकदा जाऊन बसत आणि काय पाहिलं ते सविस्तर लिहून देत. टेलर आणि टायलर यांच्या २०१२च्या अभ्यासात दिसलं की अशा निरीक्षणानंतर, पुढच्या वर्षांतही, त्या शिक्षकांची मुलं गणितात पुढे गेली. गुण तिथेही होतेच, पण गुणांसोबत बोलणंही होतं.

मग आपण काय करावं? माझ्या मते दोन वह्या वेगळ्या कराव्यात. एक साहेबांची: हजेरी, रजा, गैरवर्तन. ती हवीच, कामचुकारांना सूट नको. दुसरी शिक्षकाची स्वतःची: तिच्यातलं एक अक्षरही गोपनीय अहवालात जाणार नाही. नाहीतर निरीक्षणाच्या दिवशी पाठ केलेला धडाच बघायला मिळेल. केंद्रावर शिक्षण परिषदा होतातच, तिथे भाषणांऐवजी एका शिक्षकाचा खरा तास सगळ्यांनी बघावा आणि त्यावर बोलावं.

केंद्रप्रमुखांना वेळ कुठाय, हा प्रश्न रास्त आहे. माहिती भरण्यातच दिवस जातो त्यांचा. पण मग त्या तक्त्यांपैकी निम्मे बंद करा ना! मागच्या बाकावर बसायला बजेट लागत नाही.

निघताना आत्याला विचारलं, त्या दिवशी शेरेबुकात काय लिहिलं होतं त्यांनी?

"काय लिहिणार? समाधानकारक." :)