मधातले पाणी मोजा, मग भाव ठरवा



उसाच्या जोडीला मधपेट्या ठेवणाऱ्याचा मध डब्यात फसफसला, की बोल मधमाश्यांना लागतो. आमच्या मते दोष घाईचा आहे. आणि त्याहून जास्त, पातळ-घट्ट न पाहता सरसकट एकाच भावाने खरेदी करण्याच्या रीतीचा.

मधात 20 टक्क्यांहून जास्त पाणी राहिले, तर तो आंबण्याचा धोका असतो. अन्नसुरक्षेच्या नियमांतही हीच कमाल मर्यादा आहे. म्हणून चौकटीतली निदान तीन चतुर्थांश घरे माश्यांनी मेणाने बंद केल्यावरच मध काढावा. पावसाळी हवेत भांडे उघडे ठेवू नये. मध हवेतला ओलावा ओढून घेतो.

तरी पाणी जास्त निघालेच, तर काही जण मध चुलीवर उकळतात. त्याने मध काळवंडतो, वासही जातो. आपल्या कारखान्यात पाक उघड्या कढईत नव्हे, तर व्हॅक्युम पॅनमध्ये, दाब कमी करून कमी उष्णतेवर आटवतात. मधाचे तत्त्व तेच. 40 ते 45 अंश सेल्सिअसवर त्यातले पाणी असेच काढता येते.

आता खरी अडचण वजनाची. 23 टक्के पाण्याचा 100 किलो मध 20 टक्क्यांवर आणला, तर 96 किलो 250 ग्रॅम उरतो. पावणेचार किलोची घट शेतकऱ्याने एकट्याने का सोसावी? दुधाला फॅट पाहून भाव मिळतो, तसा मधाला पाणी पाहून मिळाला पाहिजे. नाहीतर थांबून पिकला मध काढणारा तोट्यात, अन् घाई करणारा फायद्यात!

सिंदी मेघेच्या शेजारी, वर्ध्याच्या मगनवाडीत, 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम चाले. कुमारप्पांच्या त्या संघाच्या उद्योगांत मधमाशापालनही होते. आज तिथेच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. सल्ला विचारायला लांब जायला नको.

संचालक मंडळाला आमची विनंती आहे : मध तपासणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. उसाचा ब्रिक्स पाहणारा साधा हातातला चालणार नाही, त्याचे माप 32 पर्यंतच असते. प्रत्येक डब्याचे पाणी सभासदासमोर मोजून पावतीवर लिहावे, आणि त्यावरच भाव द्यावा. पाणी काढायचे यंत्र त्यानंतर, सामाईक घेता येईल.