सिद्ध करा, मग बदलून देऊ!

'ग्राहक हा राजा आहे' हे वाक्य दुकानांच्या भिंतींवर टांगलेले आपण सर्वांनीच पाहिले आहे. एखाद्या राजाला बिलाचा कागद हातात धरून तीन तीन खेपा घालाव्या लागल्याचे मात्र इतिहासाच्या पुस्तकात कुठे वाचल्याचे मला आठवत नाही. वस्तू विकताना कंपनी आम्हांला तिच्या शब्दावर विश्वास ठेवायला सांगते; वस्तू बिघडली, की आमच्या शब्दावर मात्र तिचा काडीचाही विश्वास नसतो. वॉरंटीच्या साऱ्या व्यवहारातील खरा अन्याय इथेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा अन्याय आपल्याकडेच होतो असे नाही. १९९४ साली अमेरिकेत व्हर्जिनियातील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली हे जोडमूळ संख्यांवर काम करीत होते. संगणकाची उत्तरे चुकू लागली. त्यांनी कित्येक महिने स्वतःचेच काम पुनःपुन्हा तपासले. दोष निघाला तो इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपमध्ये. भागाकारासाठी चिपमध्ये जो तक्ता भरलेला असतो, त्यातील काही घरे रिकामी राहिली होती. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले तर १.३३३८ यायला हवे, तेथे पेंटियम १.३३३७ सांगे! कंपनीला हा दोष आधीच कळलेला होता. तरीही तिचे म्हणणे असे, की सामान्य माणसाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. तेव्हा आपल्याला अचूक गणिताची खरोखर गरज आहे हे जो पटवून देईल, त्यालाच चिप बदलून मिळेल. म्हणजे सदोष वस्तू विकणाऱ्याने परीक्षक व्हायचे आणि विकत घेणाऱ्याने तोंडी परीक्षेला उभे राहायचे! पुढे आयबीएमने ही चूक २४ दिवसांतून एकदा होऊ शकते असा हिशेब मांडला व त्या चिपचे आपले संगणक पाठवणे थांबवले. लोक खवळलेलेच होते. अखेर २० डिसेंबर १९९४ रोजी मागेल त्याला चिप बदलून देण्याचे इंटेलने जाहीर केले आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च खात्यावर मांडला.

तेथे निदान तक्रार करणारा गणिताचा प्राध्यापक होता. कला शाखेच्या विद्यार्थिनीने काय सिद्ध करायचे?

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. परीक्षेचा अर्ज संगणकावर, शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर; म्हणून वडिलांनी भिशीच्या पैशांतून एक संगणक जुळवून घेतला. सात महिन्यांत त्यातील १८०० रुपयांची रॅम बिघडली. बिघाड मोठा लबाड. पडदा निळा होऊन सारे बंद पडे, पण कधी तासाभराने, तर कधी चार दिवसांनी. वॉरंटी तीन वर्षांची. दुकानदाराने कंपनीकडे बोट दाखवले. कंपनीचे सेवा केंद्र जिल्ह्याच्या गावी. पहिल्या खेपेला त्यांनी बिल पाहिले, दुसऱ्या खेपेला मूळ खोका मागितला आणि तिसऱ्या खेपेला रॅम दहा मिनिटे लावून पाहून 'आमच्याकडे तर व्यवस्थित चालतेय, ताई' म्हणून परत हातात ठेवली. (एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे म्हणून निभावले.) चार दिवसांनी चढणारा ताप दहा मिनिटांत कसा दिसावा? टेबलामागच्या त्या मुलावर माझा राग नाही. तो माझ्याच वयाचा. छापील नियमाबाहेर त्याला जाता येत नाही. राग आहे तो नियम छापणाऱ्यांवर.

माझे वडील बाजार समितीत मापाडी आहेत. काट्यात खोट असल्याची शंका एखाद्या शेतकऱ्याने बोलून दाखवली, तर काटा खरा आहे हे काटेवाल्याला दाखवावे लागते. शिक्क्याची वजने ठेवून सर्वांदेखत पडताळा होतो. 'घरून पुरावा घेऊन या' असे शेतकऱ्याला कोणी सांगत नाही. न शिकलेल्या माणसांच्या बाजारात जो न्याय आहे, तो संगणकाच्या बाजारात का असू नये?

कायदा नाही असे नव्हे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा आला व जुलै २०२० पासून लागू झाला. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. हे चांगलेच आहे. परंतु दोष तपासणीशिवाय कळण्याजोगा नसेल, तर वस्तू प्रयोगशाळेकडे जाते, आणि त्या तपासणीचे शुल्क तक्रारदाराला भरायला सांगता येते. १८०० रुपयांच्या रॅमसाठी प्रयोगशाळेचे शुल्क कोण भरणार? कंपन्यांना हे पक्के ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, मागेल त्याला वस्तू बदलून दिली तर लबाडांचे फावेल. फावेलही थोडेफार. पण प्रत्येक रॅमवर क्रमांक असतो, परत आलेली वस्तू कंपनीच्याच ताब्यात जाते, आणि तपासणीची यंत्रे व तंत्रज्ञ तिच्याकडेच असतात. त्यांनी ती रात्रभर, आठवडाभर, हवी तितकी तपासावी. निर्दोष निघाली तर खुशाल किंमत वसूल करावी. मात्र तोवर ग्राहकाच्या संगणकात चालणारी रॅम असली पाहिजे. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख कंपनीच्या तपासणीसाठी थांबत नाही.