बशीतल्या पेशी आणि घरातला रुग्ण

‘डॉक्टर, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबवणारे नवे संयुग सापडले म्हणे. मग बाबांची केमोथेरपी थांबवावी का?’ मोबाईलवरील बातमी दाखवत एका मुलाने परवा विचारले. अशी आशा वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच तिचा नीट विचार व्हायला हवा.

पेशीने कधी वाढावे हे ठरवणारी काही प्रथिने विजेच्या बटणासारखी असतात. ‘केरास’ हे त्यांपैकी एक. त्याच्या साखळीत बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी सिस्टीन आले, की बटण बराच काळ चालूच राहते आणि पेशींची संख्या वाढत जाते. या प्रथिनावर औषधाला पकडच मिळत नसे. कित्येक वर्षे शास्त्रज्ञांनी त्याची आशा सोडली होती. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील केव्हन शोकाट यांच्या गटाने नेमक्या त्या सिस्टीनला चिकटणारी संयुगे शोधली. ती बटण बंद अवस्थेतच अडकवून ठेवतात. निरोगी केरासमध्ये त्या जागी सिस्टीन नसल्याने ते बचावते.

तरीही, याच तत्त्वावरील ‘सोटोरासिब’ला अमेरिकेत मान्यता मिळण्यास २०२१ साल उजाडले. काचेच्या बशीत यकृत नसते, मूत्रपिंडे नसतात, वयही नसते. म्हणून तेथे यशस्वी ठरलेली बहुतेक संयुगे माणसापर्यंत पोहोचत नाहीत. सोटोरासिबच्या चाचणीतही, हा बदल असलेल्या शंभरातील सुमारे ३७ रुग्णांच्याच गाठी लक्षणीय आकसल्या आणि जवळपास निम्म्या रुग्णांत सात महिन्यांच्या आत आजाराने पुन्हा उचल खाल्ली.

तेव्हा बातमी वाचून चालू उपचार थांबवू नयेत. हळदीच्या किंवा अन्य गोळ्या घेत असल्यास कर्करोगतज्ज्ञांना अवश्य सांगावे. त्यांना एक प्रश्नही विचारावा: ‘बायोप्सीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी झाली आहे का?’ आपल्याकडील रुग्णांत ‘ईजीएफआर’ जनुकातील बदल बऱ्याचदा आढळतो आणि त्यावरील गोळ्या आज उपलब्ध आहेत.

त्या मुलाने फाइल चाळली. तो अहवाल तीत नव्हता. ‘पुढच्या भेटीत हेच पहिले विचारतो,’ असे म्हणून त्याने मोबाईल खिशात ठेवला.