गोळी परस्पर बंद करू नका, दुखणं अंगावर काढू नका

ज्यांच्या घरात कोणाला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, स्टेंट बसला आहे, बायपास झाली आहे किंवा शुगर-बीपीच्या गोळ्यांसोबत कोलेस्टेरॉलची एक गोळी चालू आहे, त्यांच्यासाठी हे आवाहन आहे. मेहकरसाठी, भालकी तालुक्यातल्या साऱ्या गावांसाठी आणि हद्दीपलीकडच्या उदगीर, देवणी, निलंग्याच्या सोयऱ्यांसाठीही. आज घरी गेलात की औषधाची पट्टी हातात घ्या. नावाच्या शेवटी ‘स्टॅटिन’ असेल, म्हणजे अ‍ॅटोर्वास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन असं काही, तर पुढचं नीट वाचा. घरातल्या ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

या गोळीच्या बाबतीत माणसं दोन उलट टोकांना जातात. एक जण मांड्या दुखल्या, मोबाईलवर कोणीतरी काही पाठवलं, म्हणून गोळी गुपचूप बंद करतो. डॉक्टरांना सांगत नाही, घरच्यांनाही नाही. दुसरा दुखणं सोसत गोळी घेत राहतो आणि वरून दुकानातून दुखणं मारायच्या गोळ्या आणून गिळतो. पहिल्याचं हृदय धोक्यात येतं, दुसऱ्याची किडनी येऊ शकते.

आधी दुखणं ओळखायचं कसं ते सांगतो. गोळीमुळे होणारं स्नायूंचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंनी सारखं असतं: दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या, कधी खांदे. गोळी नवी सुरू झाल्यावर किंवा तिची ताकद वाढवल्यावर काही आठवड्यांत, काही महिन्यांत ते सुरू होतं. दुखण्यापेक्षाही अशक्तपणाकडे लक्ष द्या. उकिडवं बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नसेल, जिना चढताना मांड्यांत बळच उरत नसेल, तर ते थकव्याच्या खात्यावर टाकू नका. सोयाबीनची काढणी किंवा तुरीची रास झाल्यावर अंग कोणाचंही दुखतं. ते दोन-चार दिवसांत उतरतं. एकच गुडघा किंवा एकच खांदा धरला असेल तर कारण बहुतेक वेगळं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अंग जबर दुखतंय, अशक्तपणा आहे आणि लघवी काळ्या चहासारखी गडद होतेय, असं दिसलं तर त्या दिवशीची गोळी घेऊ नका आणि लगेच दवाखाना गाठा. उद्यावर ढकलू नका. स्नायू झपाट्याने फुटायला लागले की त्यातला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो आणि किडनी बंद पाडू शकतो. अशा वेळी दुखणं मारणारं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन म्हणजे दुखऱ्या किडनीवर आणखी घाव. सुई टोचणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा.

हा धोका कागदावरचा नाही. बायर कंपनीची सेरिव्हास्टॅटिन ही गोळी ऑगस्ट २००१ मध्ये जगभरच्या बाजारातून मागे घ्यावी लागली. तिच्याशी जोडलेले ५२ मृत्यू तेव्हा नोंदले गेले होते. त्यांतल्या बऱ्याच जणांना सोबत जेमफायब्रोझिल हे दुसरं औषध चालू होतं. ती गोळी आज मिळत नाही. आज मिळणाऱ्या स्टॅटिन दहा हजार माणसांनी पाच वर्षं घेतल्या तर स्नायूंचा गंभीर विकार साधारण पाच जणांना होतो आणि स्नायू फुटण्यापर्यंत गोष्ट जाते ती एखाद्याची. उलट बाजूला, रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरलं की झटका आणि लकव्याचा धोका जवळपास पाचव्या हिश्शाने कमी होतो. झटका येऊन गेलेल्या माणसाने हा हिशेब विसरू नये.

इंग्लंडमध्ये २०२० साली एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली हुबेहूब गोळी आणि काही महिने रिकामी बाटली दिली. गोळी नसलेल्या महिन्यांत त्रास कमी होता. पण खऱ्या आणि खोट्या गोळीत तो जवळपास सारखाच निघाला. निम्म्या जणांनी मग औषध पुन्हा सुरू केलं. याचा अर्थ ते नाटक करत होते असा मुळीच नाही. दुखत होतं ते खरंच होतं, फक्त दोष बहुतेक वेळा औषधाचा नव्हता. डॉक्टरसाहेबांनाही म्हणूनच विनंती आहे: पेशंट मांड्या दुखतात म्हणाला तर ‘वय झालं’ म्हणून वाटेला लावू नका. स्नायूंची झीज दाखवणारा रक्तातला सीपीके बघा, थायरॉईड बघा.

तपासणीला जाताना दोन दिवसांत जड काम केलं असेल किंवा दंडात-कमरेत सुई घेतली असेल तर आधी सांगा; त्यानेही सीपीके वाढतो. गोळीच कारण ठरली तरी वाटा बऱ्याच आहेत. काही दिवस थांबून कमी ताकदीने सुरू करता येतं, दुसरी स्टॅटिन देता येते, दिवसाआड देता येते, एझेटिमाइबसारखं वेगळं औषध जोडता येतं. रोसुव्हास्टॅटिन आशियाई वंशाच्या माणसांच्या रक्तात जास्त चढते, म्हणून तिच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात आपल्यासारख्यांसाठी ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात सुचवलेली आहे. ताकद कमी होईल का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

सीमेवरच्या आपल्या लोकांची एक खास अडचण आहे. स्टेंट लातूर, सोलापूर किंवा हैदराबादचा, शुगरचा डॉक्टर बिदरचा, आणि खोकला-ताप आला की गावातला. एकाचा कागद दुसऱ्याला दिसत नाही. खोकल्यावरचं क्लॅरिथ्रोमायसिन किंवा गजकर्णावरचं इट्राकोनाझोल काही स्टॅटिनसोबत घेतलं तर स्नायूंचा धोका वाढतो. म्हणून सगळ्या पट्ट्या आणि सगळे कागद एका पिशवीत ठेवा आणि कुठल्याही डॉक्टरकडे जाताना ती पिशवी न्या. कोलेस्टेरॉलवरची ‘हर्बल’ पावडर घेत असाल तर तीही त्यात टाका. लाल यीस्टच्या तांदळाच्या गोळ्यांत तर स्टॅटिनच असते.

वेळ अमावास्येला पोरं पुण्या-हैदराबादेहून शेतात जेवायला येतात. तोवर वाट बघू नका, आजच फोन करून आई-बापूंना दोन प्रश्न विचारा: गोळी चालू आहे का, आणि उकिडवं बसून आधाराशिवाय उठता येतं का? छातीत दुखलं किंवा लघवी काळी झाली तर १०८ लावा. तो नंबर कर्नाटकातही चालतो आणि महाराष्ट्रातही.