सोसणे हा ड्यूटीचा भाग नव्हे

मे २०२० च्या मध्यावर कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून तीनशेहून अधिक नर्सेस नोकऱ्या सोडून आपापल्या गावी निघून गेल्या. त्यांतला मोठा गट मणिपूरच्या मुलींचा होता. १८५ जणी तर जवळजवळ एकदमच गेल्या. करोनाची पहिली लाट चढत होती आणि ई. एम. बायपासपासून मुकुंदपूरपर्यंतच्या मोठ्या रुग्णालयांना माणसे पुरत नव्हती. पूर्व भारतातल्या रुग्णालयांच्या संघटनेने राज्याच्या मुख्य सचिवांना पत्र लिहिले. मणिपूरचे तेव्हाचे मुख्यमंत्री एन. बिरेन सिंह यांनी, आमच्या सरकारने कुणालाही परत बोलावलेले नाही, असा खुलासा केला. घरी पोचलेल्या मुलींनी वार्ताहरांना कारणे सांगितली ती अशी: पगाराचा भरवसा नाही, पीपीई किट अपुरे, आणि बाहेर पडले की चेहऱ्यावरून हिणवतात, अंगावर थुंकतात.

पहिल्या दोन कारणांवर बरेच बोलले गेले. तिसरे बाजूला सारले गेले, आणि ते बाजूला सारण्यासाठी जे युक्तिवाद तेव्हा पुढे आले तेच आजही ऐकू येतात. म्हणून त्यांचा समाचार घेणे आवश्यक आहे.

पहिला युक्तिवाद असा, की हा वंशभेद नव्हताच, साथीची भीती होती. ओडिशा आणि त्रिपुराच्या नर्सेसही गेल्याच ना? गेल्या, हे खरे. भीती, थकलेले पगार आणि आईवडिलांचे फोन ही कारणे सर्वांना सारखीच होती, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण भीतीने लोक लांब पळतात. ती कुणावर थुंकायचे हे ठरवत नाही. ओडिशाची मुलगी युनिफॉर्म उतरवून बसमध्ये बसली की चारचौघींसारखी दिसते. इंफाळच्या मुलीला युनिफॉर्म उतरवला तरी चेहरा उतरवता येत नाही. तिला 'करोना' म्हणून हाक मारणाऱ्याने तिचा तपासणी अहवाल पाहिलेला नसतो, डोळ्यांची ठेवण पाहिलेली असते. गृह मंत्रालयाला मार्च २०२० मध्येच ईशान्येच्या लोकांना होणाऱ्या त्रासाबद्दल सर्व राज्यांना सूचना पाठवावी लागली होती. हा त्रास देशभर होत होता आणि दिल्लीला तो दिसतही होता.

दुसरा युक्तिवाद अधिक जुना आहे: वंशभेद हे गोऱ्यांचे पाप, आपल्याकडे त्याला मूळच नाही. हे कोलकात्यात तरी कुणी म्हणू नये. वंशभेद सोसून उभ्या राहिलेल्या वैद्यकाचा इतिहास या शहराइतका दुसऱ्या भारतीय शहराला क्वचितच असेल. रोनाल्ड रॉसने १८९८ मध्ये इथल्या प्रेसिडेन्सी जनरल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मलेरियाचे काम पुरे केले. त्याचा बंगाली मदतनीस किशोरीमोहन बंद्योपाध्याय याचे नाव मात्र मागेच राहिले. रॉसला १९०२ चे नोबेल मिळाले, तेव्हा कोलकात्याच्या विद्वानांनी सरकारकडे धाव घेतली आणि किशोरीमोहनला १९०३ मध्ये राजाकडून सुवर्णपदक मिळवून दिले. सरकारी वैद्यकसेवेत वरच्या जागा गोऱ्यांच्या ताब्यात होत्या त्या काळात, १८८६ मध्ये, राधागोविंद कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांचे स्वतःचे वैद्यकीय विद्यालय काढले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी हा अपमान ओळखला आणि त्याविरुद्ध अर्जविनंत्या केल्या, संस्था उभारल्या, त्यांच्या रुग्णालयात आज मणिपुरी मुलीला तेच सांगावे लागत असेल तर तिचे ऐकून घेणे ही त्या वारशाची पहिली मागणी आहे. महाराष्ट्रालाही हात झटकता येणार नाहीत. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या आदिवासी निवासी डॉक्टरचा मृत्यू झाला आणि तिच्या तीन वरिष्ठांवर जातीय छळाचा आरोप ठेवला गेला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण मुलीच्या त्रासाबद्दल आपण आधीच सांगितले होते, असे तिच्या आईने म्हटले, आणि हे वाक्य प्रत्येक रुग्णालय प्रशासनाने भिंतीवर लावावे इतके महत्त्वाचे आहे. जन्मावरून माणसाची किंमत करणे हाच दोन्हींकडचा रोग आहे.

'मोमो', 'चायनीज', 'चिंकी' ही तर गंमत आहे, सगळेच सगळ्यांना काहीतरी म्हणतात, असे म्हणणाऱ्यांसाठी एकच प्रश्न पुरे. ही गंमत मेट्रनच्या किंवा कन्सल्टंटच्या तोंडावर, त्यांच्याबद्दल, कुणी करते का?

आता खरा अवघड मुद्दा. रुग्णालयाचे व्यवस्थापक सांगतात, 'आम्ही काय करणार? रुग्णच म्हणतो, ही नर्स नको, आपली बंगाली मुलगी पाठवा.' भाषेचा प्रश्न खरा आहे. वेदना कुठे होते हे रुग्णाला आपल्या भाषेत सांगता आले पाहिजे, आणि रुजू होणाऱ्या प्रत्येक नर्सला रुग्णालयाने कामापुरती बंगाली शिकवलीच पाहिजे. तो खर्च रुग्णालयाचा. परंतु सलाइन लावून घेताना 'हात नको लावू' म्हणणारा नातेवाईक व्याकरणाची तक्रार करत नसतो. त्याचे ऐकून नर्स बदलली, की रुग्णालयाने त्याच्या तिरस्काराला ड्यूटी-चार्टवर जागा दिली. एकदा दिली की वॉर्डातल्या आयाबाईपासून ज्युनिअर डॉक्टरपर्यंत सर्वांना कळते, की या मुलीच्या मागे कोणी नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने एप्रिल २०२० पासून असे ठरवले, की प्राणावर बेतलेले नसेल तर वंशावरून छळणाऱ्या रुग्णाला उपचार नाकारता येतील. आपण तेवढ्या टोकाला जाऊ नये असे मला वाटते. नातेवाइकांच्या उद्दामपणाची शिक्षा आजाऱ्याला नको. पण वॉर्डाच्या प्रमुखाने त्याच क्षणी पुढे होऊन 'नर्स हीच राहील' एवढे सांगणे कोणालाही परवडते.

रस्त्यावरचे लोक थुंकले, त्यात रुग्णालयाचा दोष काय, असेही विचारतात. मराठी वाचकाने इथे आनंदीबाई जोशींची आठवण ठेवावी. कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरला फेब्रुवारी १८८३ मध्ये त्यांनी भाषण केले आणि आपण वैद्यक शिकायला अमेरिकेला का जातो याची कारणे भर सभेत मांडली. शाळेत जाता-येता लोक कसे जमतात, हसतात, खडे मारतात, दुकानदार कसे थुंकतात, हे त्या अठराव्या वर्षाच्या आसपासच्या मुलीने न लाजता सांगितले. दीड-दोन महिन्यांत कोलकात्याहून त्यांची बोट निघाली. रस्ता कोणाला वैद्यकात येऊ देतो आणि कोणाला बाहेर काढतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. नर्सची ड्यूटी रात्री आठला सुरू होत असेल तर घरमालकाचा दरवाजा, बसथांबा आणि कोपऱ्यावरचा चहावाला हेही तिच्या कामाच्या जागेतच येतात. परराज्यातून मुली आणणाऱ्या संस्थेने होस्टेल आणि रात्रीची गाडी द्यावी, आणि मुलीला घराबाहेर काढणाऱ्या मालकाविरुद्ध स्वतः तक्रार नोंदवावी. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवू नये.

शेवटी कायद्याचा आधार सांगितला जातो. कायदे आहेत की! राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात वंश आणि जन्मस्थान हे शब्द आहेत. मात्र तो अनुच्छेद मुख्यतः शासनाला बांधतो, आणि नोकरीतल्या समान संधीचा सोळावा अनुच्छेद सरकारी नोकरीपुरता आहे. खासगी रुग्णालयातल्या बढतीपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. २०१२ मध्ये गृह मंत्रालयाने कळवले, की 'चिंकी' म्हणणे हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. पण मणिपूरमधल्या मैतेई समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा नाही, त्यामुळे कोलकात्यात तीच शिवी खाणाऱ्या मैतेई नर्सला जमातीच्या आधारावर हा कायदा उपयोगाचा नाही. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलच्या नीडो तानियाचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने त्याच वर्षी स्वतंत्र कायदा किंवा दंडसंहितेत नवी कलमे सुचवली. वंशभेदाविरुद्धचा तो स्वतंत्र कायदा झाला नाही. २०२० मध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांना छळणाऱ्यांना शिक्षा ठरली, पण ती साथ असेपर्यंत, आणि तिची नजर बाहेरच्या हल्लेखोराकडे. पश्चिम बंगालने २०१७ च्या कायद्याने खासगी रुग्णालयांवर नियामक आयोग बसवला. बिल वाढवले, हलगर्जी केली म्हणून रुग्ण तिथे दाद मागतो. नर्ससाठी असे दार नाही.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. सुई टोचली तर काय करायचे हे प्रत्येक रुग्णालयात लिहिलेले असते: लगेच कळवा, फॉर्म भरा, रक्त तपासा, औषध सुरू करा, आणि टोचून घेतलेल्या सिस्टरला कुणी 'मनावर घेऊ नकोस' म्हणत नाही. वंशावरून झालेल्या अपमानाची नोंद याच शिस्तीने व्हावी, त्याच इन्सिडेंट रजिस्टरमध्ये. लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली आणि तिच्यात बाहेरचा सदस्य बसवला. वंश, जात आणि प्रदेश यांवरून होणाऱ्या छळासाठी तशीच समिती लागू करायला काय अडते?

दुसरी गोष्ट मोजणीची. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनीझ इस्माईल आणि सॅम एव्हरिंग्टन या ब्रिटनमधल्या दोन डॉक्टरांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज इंग्रजी आणि आशियाई नावांनी रुग्णालयांना पाठवले. इंग्रजी नावांना मुलाखतीची बोलावणी दुप्पट आली. खोटे अर्ज केले म्हणून पोलिसांनी दोघांना अटक केली, पण आकडा छापून आला आणि तो पुसता आला नाही. २०१५ पासून तिथल्या आरोग्यसेवेला दरवर्षी वंशनिहाय हिशेब द्यावा लागतो: बढती कुणाला, शिस्तभंगाची कारवाई कुणावर, छळाची तक्रार कोणाची. त्याने तिथला भेदभाव संपलेला नाही, परंतु तो नाकारणे अवघड झाले. कोलकात्याच्या रुग्णालयांनी एवढेच मोजावे: सलग रात्रपाळ्या कोणत्या राज्यांच्या मुलींच्या वाट्याला येतात, इन्चार्ज कोण होते, राजीनामा कोण देते आणि देताना कोणते कारण लिहिते. राज्याच्या नियामक आयोगाने हा तक्ता परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी मागवावा, आणि शुश्रूषा करणाऱ्यांच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार कायद्यात दुरुस्ती करून आयोगाला द्यावा.

खासगी नर्सेसच्या पगारासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने लहानातल्या लहान रुग्णालयातही दरमहा २० हजारांपेक्षा कमी वेतन नको, असे सुचवले होते. हा विषय वेगळा वाटेल, पण तो वेगळा नाही. ज्या मुलीचा पगार घरभाडे जाऊन उरत नाही, तिला शिवी देणाऱ्या कन्सल्टंटविरुद्ध सही करणे जमत नाही. तिला त्या सहीसाठी पगाराचे संरक्षण लागेल, आणि चौकशी चालू असताना बदली किंवा काढून टाकणे होणार नाही अशी लेखी हमी लागेल. ती हमी रुजू होतानाच्या नेमणूकपत्रात छापावी.